मूळचे कोण?



रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या पायऱ्यांवर आम्हा धर्मशिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. इकडेतिकडे पाहून, आवाज खाली आणून. "सर, मुलगा चांगला आहे, नोकरी आहे, दारू नाही. पण ते मूळचे कोण?"

'मूळचे' म्हणजे गाव नव्हे, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि मलाही. विचारायची असते ती जात. तीही मुलाच्या पणजोबांचा बाप्तिस्मा होण्यापूर्वीची!

आमच्या बेळगाव भागात मिस्सा मराठीत की कोकणीत की कन्नडमध्ये, यावरून आपण हुज्जत घालू. पण या एका प्रश्नावर तिन्ही भाषांचे लोक एकमताचे. गोव्यातही सोयरीक म्हटली की बामण, चारडो, सुदिर ही नावे अजून निघतात.

आता आपला दुटप्पीपणा पाहा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरताच ठेवला. १९५६ साली त्यात शिखांना आणि १९९० साली बौद्धांना घेतले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. हा अन्याय आहे आणि १० ऑगस्टला काळा दिवस पाळला जातो तो योग्यच आहे. न्या. रंगनाथ मिश्र आयोगानेही २००७ च्या अहवालात धर्माची ही अट काढण्याची शिफारस केली होती.

पण दिल्लीत आपण सांगतो की धर्म बदलला तरी जात सुटत नाही, आणि शेजाऱ्याने विचारले की म्हणतो, "छे, आमच्यात जातपात नाही." दोन्हींपैकी खरे कोणते? पहिलेच. भारतातील कॅथलिक बिशपांनी २०१६ च्या आपल्या धोरणात चर्चमधील भेदभाव उघड मान्य केला. मग आपल्यालाच तो मान्य करायला लाज का वाटते?

काही जण म्हणतात, "सर, एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेतो की! आणखी काय पाहिजे?" म्हणजे रोटीव्यवहार झाला, बेटीव्यवहाराचे नाव काढू नका. डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच बजावले होते की नुसत्या सहभोजनाने जात जात नाही, आंतरजातीय विवाहच तिच्यावरचा खरा उपाय आहे. आणि आपल्या शास्त्रात काय आहे? अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. यरुशलेमेकडचे लोक आले तेव्हा 'लोक काय म्हणतील' या भीतीने तो पंगतीतून मागे सरला. पौलाने पेत्राला, होय, पेत्राला, सर्वांसमोर तोंडावर सुनावले. पौलाच्या मते तो प्रश्न चालीरीतीचा नव्हता, सुवार्तेच्या सत्याचा होता.

मी पौल नाही. काही वर्षांपूर्वी एका मुलीच्या वडिलांनी मला हाच प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिले. मला वाटले, खोटे कशाला बोला. आठवड्याभरात सोयरीक मोडली. तो मुलगा मीच दृढीकरणासाठी तयार केलेला. त्याने मला एक शब्दही विचारला नाही. पण त्यानंतर तो माझ्याशी पूर्वीसारखा बोलला नाही, आणि देव सर्वांना समान मानतो हा धडा शिकवताना माझी जीभ आजही अडखळते. मी सत्य सांगितले नव्हते, चहाडी केली होती.

लग्नाआधी चर्चमध्ये नावे वाचतात आणि कोणाला अडथळा ठाऊक असल्यास कळवा म्हणतात. धर्मसभेच्या कायद्यात ते अडथळे मोजून दिले आहेत: कमी वय, आधीचे लग्न, रक्ताचे नाते, धर्मगुरुपदाची दीक्षा वगैरे. सारी यादी वाचून पाहा. जात त्यात नाही. जो अडथळा धर्मसभेने लिहिला नाही, तो पायऱ्यांवर लिहिणारे आपण कोण?

म्हणून पालकांना हात जोडून सांगतो: मुलाचे व्यसन विचारा, स्वभाव विचारा, कर्ज विचारा, प्रार्थना करतो का तेही विचारा. मूळ विचारू नका. आणि ज्यांना विचारले जाते त्यांनी माझ्यासारखी चूक करू नये. आता मला कोणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे: "मूळचे? बाप्तिस्म्याच्या पाण्यातले."

प्रभू आपल्याला हे उत्तर मोठ्याने देण्याचे धैर्य देवो. आमेन.