पोस्टरात पाठ आहे, नाव नाही

परवा फोर्टातल्या एका हॉटेलात मित्राने चहा पाजला. भिंतीवर काचेच्या चौकटीत जुनं पोस्टर. हिरवे डोंगर, निळं आभाळ, आणि चहाची पानं खुडणारी बाई. बाई हसतेय. मित्र म्हणाला, काय रंग आहेत रे! रंग झकासच होते, खोटं कशाला बोला. पण गोदीत गोण्या उचलणाऱ्याची नजर आधी पाठीवर जाते. बाईच्या पाठीवर टोपली, टोपलीची दोरी कपाळाला. असं वजन घेऊन कुणी दिवसभर हसत नाही. हे कळायला आर्ट स्कूलची पायरी चढावी लागत नाही.

म्हणून यावेळी पोस्टरांवरच लिहितोय.

असल्या पोस्टरांचा एक मोठा कारखाना लंडनमध्ये होता. नाव एम्पायर मार्केटिंग बोर्ड. ब्रिटिश सरकारने तो 1926 साली काढला. वसाहतमंत्री लिओ ॲमरी त्याचा अध्यक्ष, स्टीफन टॅलंट्स सेक्रेटरी. लंडनच्या भुयारी रेल्वेची पोस्टरं गाजवणारा फ्रँक पिक पोस्टर-समितीवर. काम एकच, इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला साम्राज्यातलाच माल घ्यायला लावायचं. चहा, कोको, तंबाखू, फळं. सात वर्षांत 800 च्या आसपास डिझाइनं झाली. ती लावायला शहरोशहरी खास लाकडी चौकटी उभारल्या. चित्रकार त्या काळचे अव्वल. म्हणजे सरकारी पैसा आणि चांगली कला हातात हात घालून रस्त्यावर उभी राहिली.

1927 साली मॅक्डॉनल्ड गिल याचा जगाचा नकाशा लागला. 20 फूट लांब, 10 फूट उंच. समुद्रभर बोटींचे रस्ते. खाली दक्षिण ध्रुवावर पांढरी अस्वलं, आणि ती विचारतात, आम्ही इथे कसे, आम्ही तर उत्तरेकडचे! लोक हसले. हसण्यासारखंच आहे. पण बघा, नकाशात अस्वलाला तोंड आहे, तक्रार आहे. त्या बोटी भरणाऱ्या आणि उतरवणाऱ्या लाखो माणसांना नाही. ‘आम्ही इथे कसे’ हा सवाल खरा तर त्यांचा होता.

दुसऱ्या एका पोस्टरवर घोषणा होती, आजची जंगलं म्हणजे उद्याच्या सोन्याच्या खाणी. जंगलात कोण राहतं, हे मात्र विचारायचं नाही. गोल्ड कोस्ट म्हणजे आजचा घाना. तिथे कोकोची फळं गोळा करणारी माणसं स्पेन्सर प्राइसने रंगवली. चित्रात ती शांत, आज्ञाधारक. पण 1937 साली गोऱ्या कंपन्यांनी आपसात संगनमत करून भाव पाडायचं ठरवलं, तेव्हा याच शेतकऱ्यांनी कोको विकायचंच बंद केलं. 1938 पर्यंत माल अडवून धरला. चित्रातला माणूस चित्राबाहेर वेगळाच निघाला! हे पोस्टर कुणी काढलं नाही. तोवर बोर्डच उरला नव्हता. 1932 साली ओटावाला जकातीचे करार झाले आणि 1933 मध्ये बोर्डाला टाळं लागलं.

आता त्या चहावाल्या बाईकडे येऊ. सिलोनच्या मळ्यांवर राबायला माणसं नेली ती तामीळ मुलखातून. त्यातली बरीचशी परैयर, पळ्ळर, चक्किलियर. म्हणजे आपलीच, गावकुसाबाहेरची. नेणारा कंगाणी. कंगाणी म्हणजे आपला मुकादमच समजा. गावात उचल द्यायची, माणूस कर्जात अडकवायचा, मग त्याच्या हजेरीमागे स्वतः पैसे खायचे. बडा कंगाणी बऱ्याचदा वरच्या जातीचा. मळा बदलायचा तर ‘तुंडू’ लागायचा, म्हणजे कर्ज फिटल्याची चिठ्ठी. चिठ्ठी नाही तर दुसऱ्या मळ्यावर काम नाही. ही पद्धत 1921 साली कायद्याने गेली. कर्ज आणि जात इतक्या लवकर जात नाहीत. गोऱ्या मळेवाल्याने जात तयार केली नव्हती. ती त्याला आयती मिळाली आणि त्याने ती कामाला जुंपली.

पुढे साहेब गेला. सिलोन स्वतंत्र झालं आणि 1948 च्याच कायद्याने या मजुरांपैकी बहुतेकांना नागरिकत्व नाकारलं. तिच्या हातचा चहा देशाचा, ती मात्र कुठल्याच देशाची नाही. 1964 साली शास्त्री आणि सिरिमाव बंदरनायके यांनी करार करून माणसं वाटून घेतली. 5,25,000 भारताकडे, 3,00,000 सिलोनकडे, उरलेल्या 1,50,000 चं नंतर बघू. गोण्यांचा हिशेब असाच होतो. राहिलेल्यांना श्रीलंकेत नागरिकत्व मिळायला 2003 चा कायदा यावा लागला. पोस्टरातली बाई तोवर हसतच होती.

आपलं मुंबईशी काय नातं? त्याच बोर्डाच्या पोस्टरांत सुएझचा कालवा दाखवला होता, साम्राज्याचा हिंदुस्थानकडे जाणारा हमरस्ता म्हणून. तो रस्ता येऊन थांबायचा आपल्या गोदीत. प्रिन्सेस डॉक 1880 चा, अलेक्झांड्रा डॉक 1914 चा. अलेक्झांड्राचं नाव आता इंदिरा डॉक आहे. नाव डॉकचं बदललं. तिथल्या हमालाचं नाव तेव्हाही कुणी लिहिलं नव्हतं.

आज ही पोस्टरं लंडनच्या सरकारी दफ्तरात जपून ठेवलीत, आणि त्यांच्या नकला दिवाणखान्यांत लटकतात. ती फाडा, जाळा, असं मी म्हणत नाही. उलट नीट बघा. ती चांगली आहेत म्हणूनच घातक आहेत. वाईट चित्राने कुणी फसत नाही. बघताना तीन सवाल विचारा. हे ओझं कुणाचं? मजुरी किती? माणसाचं नाव काय?

आणि दोस्तहो, हेच सवाल आपल्यालाही. आपल्या मागच्या अंकाचं मुखपृष्ठ आठवा. काळी पाठ, फुगलेले दंड, वाकलेली मान. ‘श्रमिक’ म्हणून छापलं. नाव? नाही. तो आमच्याच टोळीतला माणूस. त्याला उभा करून चित्रकाराने काढला, मी कौतुक केलं. अंक त्याला दाखवला तर तो म्हणाला, ह्यात मी कुठाय? थोबाड तर दिसतच नाही. मी गप्प. साम्राज्याच्या बोर्डाने जे केलं तेच आपण फुकटात केलं होतं.

तेव्हा पुढच्या अंकापासून ठरलं. मुखपृष्ठावर माणूस असेल तर त्याला चेहरा असेल. त्याला विचारूनच तो छापू, आणि त्याची हरकत नसेल तर नाव खाली येईल, चित्रकाराच्या नावाएवढ्याच टायपात. चुकलो तर पत्र टाकून झाडा.