पुण्याचे पाणी : धरणे भरली, हिशेब कोरडा

– खास प्रतिनिधी

पुण्याच्या पाण्याची चर्चा वर्षातून दोनदा रंगते. मार्च-एप्रिलमध्ये खडकवासला साखळीतील धरणांचा साठा उतरू लागला की पाणीकपातीचे वारे वाहू लागतात. आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुठा नदीत विसर्ग सुरू झाला की वर्षाची चिंता मिटल्याच्या बातम्या येतात. या दोन बातम्यांच्या मधल्या काळात पुढच्या तीस वर्षांचा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. शहर वाढतच राहणार, हे सर्वांना मान्य आहे. ते किती वाढेल, त्याला किती पाणी लागेल, ते कोठून येईल आणि वापरून झाल्यावर कोठे जाईल, या चार प्रश्नांची उत्तरे एकत्र मांडणे म्हणजे नियोजन. त्यांपैकी तिसऱ्याच प्रश्नावर, म्हणजे नवे पाणी कोठून आणायचे यावर, आजवर सारी शक्ती खर्च झाली. उरलेले तीन प्रश्न वाऱ्यावर राहिले आणि आजच्या टंचाईचे मूळही तेथेच आहे.

पाण्याच्या बाबतीत पुणे हे राज्यातील भाग्यवान शहर. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भूमिगत नळाने शहरातील हौदांपर्यंत पाणी खेळविण्यात आले. ब्रिटिश अमदानीत कर्नल फाइफ यांच्या आराखड्यानुसार खडकवासला धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम अपुरे असलेले पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्यालाही भगदाड पाडले आणि निम्मे शहर उद्ध्वस्त झाले. त्यातून शहर सावरले, पानशेत पुन्हा उभे राहिले, पाठोपाठ वरसगाव आणि टेमघर ही धरणे आली. आजमितीस या साखळीची साठवण क्षमता २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यात वरसगावचा वाटा १२.८२, पानशेतचा १०.६५, टेमघरचा ३.७१ आणि खडकवासल्याचा अवघा १.९७ टीएमसी.

मात्र ही धरणे एकट्या पुणे शहरासाठी बांधलेली नाहीत, ही बाब शहरात सोयीस्करपणे विसरली जाते. खडकवासल्याच्या कालव्यावर हवेली, दौंड आणि इंदापूर या तालुक्यांतील सुमारे ६२ हजार हेक्टरचे लाभक्षेत्र अवलंबून आहे. त्याच कालव्यावर अनेक गावांच्या पिण्याच्या पाण्याच्या योजनाही आहेत. शहराने एक टीएमसी जास्त उचलले, तर कालव्याच्या शेपटाकडील इंदापूरच्या शेतकऱ्याचे एखादे आवर्तन हुकते. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत दरवर्षी होणारा वाद शहरी नेते विरुद्ध ग्रामीण नेते असा रंगविला जातो. वस्तुतः तो एकाच भांड्यातील पाण्याच्या वाटणीचा वाद आहे.

साडेअकराचा करार

खडकवासला साखळीतून महापालिकेला वर्षाला साडेअकरा टीएमसी पाणी मंजूर करण्यात आले, ते शहराच्या हद्दीत नवी गावे येण्यापूर्वी. त्या बदल्यात साडेसहा टीएमसी सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते शेतीसाठी परत द्यावे, अशी अट होती. प्रत्यक्षात महापालिकेची उचल गेली अनेक वर्षे मंजूर कोट्याच्या कितीतरी पुढे आहे आणि अठरा टीएमसीच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाणी घेतले जाते. जलसंपदा विभाग ही उधळपट्टी मानतो, तर महापालिका वाढत्या लोकसंख्येकडे बोट दाखविते. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा आकडा पुढे करतात आणि वाद जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापर्यंत जातो.

हा वाद साध्या गुणाकार-भागाकाराने तपासून पाहता येतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. या हिशेबाने साडेअकरा टीएमसी म्हणजे दिवसाला सुमारे ८९ कोटी लिटर. केंद्राच्या निकषानुसार महानगरांत माणशी दररोज १५० लिटर पाणी मिळावे आणि गळती १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. १५ टक्के गळती वजा केली, तरी एवढ्या पाण्यात सुमारे ५० लाख लोकांची गरज भागते. आता अठरा टीएमसीचा हिशेब घेऊ. ते दिवसाला १३९ कोटी लिटरच्या पुढे जाते. गळती ३५ ते ४० टक्क्यांच्या घरात असल्याचे महापालिकेकडूनच वेळोवेळी सांगण्यात आले आहे. ४० टक्के धरली, तर अठरापैकी सात टीएमसीहून अधिक पाण्याचा हिशेब लागत नाही. त्यातील काही फुटक्या नळांतून जमिनीत मुरते, काही बेकायदा जोडांतून जाते आणि काही वापरले जाऊनही मोजले जात नाही.

हीच गळती ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणली, तर साडेचार टीएमसी पाणी वाचेल. टेमघर धरणाची संपूर्ण क्षमता यापेक्षा कमी आहे. म्हणजे एक अख्खे धरण शहराच्या रस्त्यांखाली दडलेले आहे. त्यासाठी जंगल बुडवावे लागत नाही, गाव उठवावे लागत नाही.

मुदती उलटल्या

महापालिकेला याची जाणीव नव्हती असे नाही. समान पाणीपुरवठा योजना, म्हणजे बोलीभाषेतील चोवीस तास पाण्याची योजना, याच हेतूने आखली गेली. शहराचे १४१ विभाग करायचे, ८२ साठवण टाक्या बांधायच्या, दीड हजार किलोमीटरहून अधिक जलवाहिन्या बदलायच्या आणि तीन लाखांवर मीटर बसवायचे, असा तिचा आराखडा. जून २०१७ मध्ये महापालिकेने या योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले आणि मुंबई शेअर बाजारात त्यांच्या नोंदणीचा सोहळाही झाला. पाच वर्षांत काम पूर्ण होणार होते. ती मुदत उलटली, पुढच्या मुदतीही उलटल्या. कोठे टाकीसाठी जागेचा प्रश्न, कोठे रस्ते खोदाईची परवानगी, तर कोठे मीटर बसविण्यास रहिवाशांचा विरोध.

मीटरला होणारा विरोध समजून घेण्यासारखा आहे. मीटर आला की बिल येणार, ही भीती सामान्य माणसाला वाटते. पण मीटरचे पहिले काम बिल काढणे नसून गळती शोधणे हे आहे. एका विभागाच्या टाकीतून किती पाणी सुटले आणि त्या विभागातील घरांत किती पोहोचले, हे कळल्याखेरीज पाणी मुरते कोठे ते सापडणार नाही. हे नागरिकांना समजावून सांगण्याची जबाबदारी लोकप्रतिनिधींची होती. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर महापालिकेत प्रदीर्घ काळ प्रशासकाचा कारभार राहिला आणि हा संवादही तुटला.

धरण उशाला, कोरड घशाला

शहराच्या मध्यवस्तीत पाणी वाया जात असताना वेशीवर काय घडते, हे २०२५ च्या जानेवारीत दिसले. सिंहगड रस्ता परिसरातील नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत गुईयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. पुणे परिसरातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, अनेकांना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले आणि काहींचा मृत्यू झाला. रुग्णांच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून पसरणारे जिवाणू आढळले आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. या भागातील काही गावांना विहिरीचे पाणी केवळ क्लोरीन मिसळून दिले जात होते. जलशुद्धीकरण केंद्रातील पूर्ण प्रक्रिया त्यावर होत नव्हती. खडकवासला धरण तेथून हाकेच्या अंतरावर आहे. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण या गावांना अक्षरशः लागू पडावी, याला काय म्हणावे!

महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये २३ गावे घेण्यात आली. शहराचे क्षेत्र ५१८ चौरस किलोमीटर झाले. (त्यांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे नंतर वगळण्यात आली.) हद्द एका अधिसूचनेने वाढते, जलवाहिनी मात्र अधिसूचनेने पोहोचत नाही. गावे येण्याच्या कितीतरी आधीपासून तेथे मोठमोठे गृहप्रकल्प उभे राहिले होते. नळाचे पाणी येईपर्यंत विकसकाने स्वखर्चाने पाण्याची सोय करावी, अशी हमीपत्रे घेऊन परवानग्या दिल्या गेल्या. सदनिका विकल्या गेल्या, विकसक पुढच्या प्रकल्पाकडे वळला आणि टँकरचा खर्च सोसायट्यांच्या देखभाल वर्गणीत येऊन बसला. ज्या कुटुंबाने आयुष्यभराची पुंजी घरात गुंतविली, ते मालमत्ता कर भरते आणि टँकरचे पैसेही भरते. हमीपत्राचे पुढे काय झाले, हे विचारणारी यंत्रणा नाही.

नव्या पाण्याची किंमत

नवे पाणी आणणे सोपे राहिलेले नाही, हे गेल्या पंधरा वर्षांनी दाखवून दिले आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेला मावळात विरोध झाला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावरील आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तीन आंदोलकांचा बळी गेला आणि योजना वर्षानुवर्षे रखडली. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झाले. पुण्याच्या पूर्व भागासाठीच्या भामा-आसखेड योजनेचे कामही धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या प्रश्नावरून वारंवार बंद पडले; ती जानेवारी २०२१ मध्ये कार्यान्वित झाली. तिच्यातून शहराला मिळतात २.६४ टीएमसी. वर केलेला गळतीचा हिशेब या आकड्याशेजारी ठेवून पाहावा.

आता मुळशीच्या पाण्याची मागणी जोर धरते आहे. टाटांच्या या धरणाचे पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीपलीकडे भिऱ्याला उतरविले जाते. ते पूर्वेकडे वळवावे, या मागणीत तथ्य आहे. कृष्णा खोऱ्यातील पाण्यावर त्याच तुटीच्या खोऱ्याचा पहिला हक्क असावा, हा युक्तिवाद सहज खोडता येणारा नाही. परंतु ज्या मुळशी खोऱ्यात १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तेथील गावांच्या पाण्याचा विचार आधी व्हायला हवा. शिवाय ४० टक्के गळती असलेल्या जाळ्यात मुळशीचे पाच टीएमसी ओतले, तर त्यातील दोन वाटेतच संपतील.

खडकवासला ते फुरसुंगी बोगद्याचा प्रस्ताव त्यामानाने अधिक व्यवहार्य आहे. उघड्या कालव्यातील गळती, बाष्पीभवन आणि चोरी त्याने थांबेल आणि दोन-अडीच टीएमसी पाणी वाचेल, असा जलसंपदा विभागाचा दावा आहे. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पर्वतीजवळ जनता वसाहतीत मुठा कालवा फुटून झोपड्या वाहून गेल्या होत्या. शहराच्या वस्तीतून उघडा कालवा नेण्याचा धोका तेव्हाच कळून चुकला. मात्र वाचलेले पाणी शेतीचे की शहराचे, हे काम पूर्ण होण्यापूर्वी लेखी ठरले नाही, तर नवा तंटा उभा राहील.

वापरलेल्या पाण्याचे काय?

सर्वांत दुर्लक्षित राहिला तो चौथा प्रश्न. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडते. महापालिकेने मुंढव्याला जॅकवेल बांधून नदीतील प्रक्रिया केलेले पाणी जुन्या कालव्यात, म्हणजे बेबी कालव्यात, सोडण्याची व्यवस्था केली. साडेसहा टीएमसीची अट त्यातून पूर्ण व्हायची होती. ती बहुतेक वर्षे पूर्ण झाली नाही आणि जे पाणी आले त्याच्या दर्जाबद्दल शेतकऱ्यांच्या तक्रारी राहिल्या. जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या अर्थसाह्याने ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे उभारून दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमता वाढविण्याचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. प्रत्यक्ष कामांना सुरुवात होण्यातच अनेक वर्षे गेली.

मुळा-मुठेचे पाणी भीमेतून उजनी धरणात जाते आणि उजनीचे पाणी सोलापूरकर पितात. पुण्याने प्रक्रियेत केलेली हयगय सोलापूरच्या नळाला जाऊन मिळते. उलट, नीट शुद्ध केलेले पाणी शेतीला, बांधकामांना, उद्यानांना आणि उद्योगांना दिले, तर तेवढे धरणाचे पाणी पिण्यासाठी मोकळे होते. शहर आणि शेती यांच्या भांडणातून बाहेर पडण्याचा हा एकच मार्ग असा आहे, ज्यात कोणाच्या तोंडचे पाणी पळत नाही.

आणखी एक अडचण कारभाराची आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका, तीन कटक मंडळे, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, औद्योगिक विकास महामंडळ, जीवन प्राधिकरण आणि जलसंपदा विभाग एकाच खोऱ्यातील पाण्यावर स्वतंत्रपणे योजना आखतात. नदी एक, धनी अनेक. बांधकाम परवानगी देणारा एक, पाणी देणारा दुसरा आणि टंचाईला जबाबदार कोणीच नाही.

दीर्घकालीन नियोजनासाठी म्हणून नव्या समितीची गरज नाही. लोकसंख्येचा एकच आकडा महापालिका आणि जलसंपदा विभागाने मान्य करावा. कोणत्या विभागात किती पाणी सोडले आणि किती पोहोचले, हे दरमहा जाहीर व्हावे. गळती दरवर्षी किती टक्क्यांनी घटविणार याचे लक्ष्य ठरावे आणि वाढीव कोट्याची मागणी त्याच्याशी जोडली जावी. पाण्याची खात्री नसलेल्या ठिकाणी भोगवटापत्र देऊ नये. परत दिलेल्या पाण्याची मोजणी आणि तपासणी लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींसमक्ष व्हावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवे धरण लागत नाही. लागते ती राजकीय इच्छाशक्ती. कारण धरणाचे भूमिपूजन करता येते, बुजविलेल्या गळतीचे करता येत नाही. येत्या जुलैतही धरणे कदाचित काठोकाठ भरतील. पण रस्त्याखालची गळती, वेशीवरचे टँकर आणि दौंड-इंदापूरचे चुकलेले आवर्तन जोवर एकाच हिशेबात मांडले जात नाही, तोवर भरलेली धरणे ही शहराला मिळालेली केवळ आणखी एका वर्षाची मुदतवाढ ठरेल.