पाचव्या पिढीचा सन्मान, पहिल्या पिढीचे काय?

एप्रिल २०२२ मध्ये मॉरिशसचे तत्कालीन पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ वाराणसीत आले आणि त्यांनी आपले दिवंगत वडील अनिरुद्ध जगन्नाथ यांच्या अस्थी गंगेत विसर्जित केल्या. त्यांचे घराणे मूळचे शेजारच्याच बलिया जिल्ह्यातले. त्याआधी, जानेवारी २०१९ मध्ये, याच शहरात पंधरावा प्रवासी भारतीय दिवस साजरा झाला, तेव्हाही प्रमुख पाहुणे तेच होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांच्यानंतर पंतप्रधान झालेले नवीनचंद्र रामगुलाम यांच्याशी आपल्या पंतप्रधानांची चर्चाही वाराणसीतच झाली. समुद्रापार गेलेल्या मजुरांच्या वंशजांचे स्वागत कोठे करावे, असा प्रश्न पडला की दिल्लीला हल्ली वाराणसीची आठवण होते. ते योग्यच आहे. मॉरिशस, फिजी, त्रिनिदाद, गयाना आणि सुरिनाम येथे गेलेल्या लक्षावधी मजुरांपैकी बहुसंख्य गंगेच्या याच खोऱ्यातील भोजपुरी आणि अवधी भाषक मुलखातून निघाले होते.

परंतु हा सन्मान निघून गेलेल्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या वाट्याला येतो. आज निघणाऱ्या पहिल्या पिढीचे काय, हा प्रश्न मला याच शहराच्या बाबतपूर विमानतळावर पडला. मी दिल्लीच्या विमानाची वाट पाहत होतो. शेजारी आखातात निघालेल्या दहा-बारा तरुणांचा घोळका होता. प्रत्येकाच्या हाती सारख्याच रंगाची प्लास्टिकची फाइल. त्यांतील गाझीपूरच्या एकाने ती माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, ‘‘बाबूजी, यात काम काय लिहिले आहे, जरा सांगाल का?’’ करार अरबी आणि इंग्रजीत होता. दलालाने त्याला इलेक्ट्रिशियनचे काम सांगितले होते. कागदावर ‘मदतनीस’ असे होते. पगाराचा आकडाही सांगितल्यापेक्षा कमी होता. मी ते सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘‘आता काय करणार? जमीन गहाण टाकली आहे.’’ सरकारी नोंदणी झाली आहे का, असे विचारले, तेव्हा त्याच्या स्वरात थोडा अभिमानच होता : ‘‘मी दहावी पास आहे, बाबूजी. मला कुठला शिक्का लागत नाही.’’

या एका वाक्यात आपल्या स्थलांतर धोरणाची सारी विसंगती सामावली आहे. ती समजून घेण्यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल.

गुलामगिरी संपुष्टात आल्यावर साम्राज्यातील ऊसमळ्यांना मजूर हवे होते. नोव्हेंबर १८३४ मध्ये ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले आणि पुढील आठ दशकांत सुमारे तेरा लाख भारतीय वेगवेगळ्या वसाहतींत नेले गेले. करार बहुधा पाच वर्षांचा असे. ‘ॲग्रीमेंट’चा ‘गिरमिट’ झाला आणि तो करणारा ‘गिरमिटिया’. मजूर जमवणारा तो ‘अरकाटी’. काशी, मथुरा, अयोध्या ही तीर्थक्षेत्रे त्याची आवडती ठिकाणे होती. कारण घरापासून तुटलेला, पैसे संपलेला, कोणाच्या ओळखीचा नसलेला माणूस तेथे सहज सापडे. मुंबई बंदरातून कोकण आणि देशावरील मराठी कुटुंबेही मॉरिशसला गेली. तेथील मराठी समाज आजही आपली भाषा आणि गणेशोत्सव जपून आहे.

या व्यवस्थेबद्दल एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही, ती म्हणजे हे सारे कायदेशीर होते. अरकाटीकडे परवाना असे. मजुराला दंडाधिकाऱ्यासमोर उभे करून ‘तू राजीखुशीने जातोस ना?’ असे विचारले जाई. बंदरावर त्याच्या हितरक्षणासाठी एक अधिकारी असे. त्याचे पदनामच ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’, म्हणजे स्थलांतरितांचा संरक्षक. तोताराम सनाढ्य १८९३ मध्ये प्रयागला अशाच एका अरकाटीच्या हाती लागले आणि फिजीला पोहोचले. एकवीस वर्षांनी परतल्यावर त्यांनी बनारसीदास चतुर्वेदी यांच्या साहाय्याने आपली हकिकत प्रसिद्ध केली. साहेब काहीही विचारो, ‘हो’ म्हणायचे, हे अरकाटी आधीच पढवून ठेवत, हे त्यांनी नोंदवले आहे. कागदावर संमती होती, समज नव्हती.

ही फट नेमकी हेरली ती गोपाळ कृष्ण गोखले यांनी. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात गिरमिट पद्धत समूळ रद्द करण्याचा ठराव मांडला. त्यांचा आक्षेप परदेशगमनाला नव्हता. अपरिचित भाषेच्या, दूरच्या देशात कोणत्या मालकाकडे काम करायचे हे न कळता माणूस बांधला जातो आणि काम सोडल्यास त्याला फौजदारी शिक्षा होते, ही गोष्ट त्याला निघण्यापूर्वी सांगितलीच जात नाही. मग हा करार कसला, असा त्यांचा सवाल होता. ठराव २२ विरुद्ध ३३ मतांनी फेटाळला गेला. मात्र चार वर्षांनी पंडित मदनमोहन मालवीय यांनी तोच विषय पुन्हा सभागृहात आणला. ४ फेब्रुवारी १९१६ रोजी व्हाइसरॉय हार्डिंग यांच्या हस्ते काशी हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला बसवून घेणाऱ्या मालवीयांनी पुढच्याच महिन्यात त्याच हार्डिंग यांच्यासमोर गिरमिट बंद करण्याचा ठराव मांडला आणि सरकारला तो तत्त्वतः स्वीकारावा लागला. १९१७ मध्ये भरती थांबली. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करार रद्द झाले. भारतातील राष्ट्रीय चळवळीने साम्राज्याला मागे घ्यायला लावलेल्या पहिल्या मोठ्या धोरणांपैकी हे एक होते. पुणे आणि काशी यांनी मिळून दिलेला हा लढा आपण आज जवळजवळ विसरलो आहोत.

आता वर्तमानाकडे येऊ. आखातात कामगार मोठ्या संख्येने जाऊ लागल्यावर १९२२ चा जुना कायदा अपुरा ठरला आणि १९८३ चा स्थलांतर कायदा आला. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीला ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जायचे असेल, तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. त्यासाठी करार ‘ई-मायग्रेट’ प्रणालीत नोंदवावा लागतो, विमा काढावा लागतो. परवानाधारक एजंटाने कामगाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरील कर यांपेक्षा अधिक शुल्क घेऊ नये, असाही नियम आहे. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम आजही ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हेच आहे. अशा परवानग्यांत उत्तर प्रदेश आणि बिहार ही राज्ये गेल्या दशकभरात आघाडीवर आहेत. केरळचे आखात आता पूर्वांचलाचे झाले आहे.

या रचनेत संरक्षण दोन गोष्टींवर अवलंबून आहे : शाळेचे प्रमाणपत्र आणि देशांची यादी. दोन्ही कसोट्या आज निकामी झाल्या आहेत. दहावीचे प्रमाणपत्र असलेला तरुण अरबी करार वाचू शकतो, असे कायदा गृहीत धरतो. बाबतपूरला भेटलेला तरुण या गृहीतकाचे चालते-बोलते खंडन होता. शिक्षणाचा प्रसार होईल तसे अधिकाधिक तरुण या संरक्षणाबाहेर जाणार, ही त्यातली विचित्र गोष्ट. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारने परवानगीची गरज नसलेल्यांनाही या १८ देशांसाठी नोंदणी सक्तीची करण्याचे ठरवले होते. विरोध होताच महिना संपण्यापूर्वी तो निर्णय स्थगित झाला. दोनच महिन्यांनी वाराणसीत प्रवासी भारतीय दिवसाचे दिवे लागले.

देशांच्या यादीची अवस्थाही वेगळी नाही. रशिया यादीत नाही, म्यानमार आणि कंबोडिया नाहीत. सुरक्षारक्षक, मदतनीस अशा नोकऱ्यांचे आमिष दाखवून नेलेले आपले तरुण रशियाच्या सैन्यासोबत युद्धभूमीवर पोहोचले. परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये अशा १२६ प्रकरणांची आणि १२ मृत्यूंची माहिती दिली; आझमगड आणि मऊ या वाराणसीच्या शेजारच्या जिल्ह्यांतील घरेही त्यात होरपळली. आग्नेय आशियातील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबले गेलेले बहुतेक तरुण तर शिकलेले, संगणक जाणणारे. उलट बाजूने पाहिले तर कुवेत यादीत आहे. तरीही १२ जून २०२४ रोजी मंगफ येथील कामगारांच्या इमारतीला लागलेल्या आगीत ४५ भारतीयांचा जीव गेला. यादीबाहेर कायदा पोहोचत नाही आणि यादीच्या आत विमानतळाच्या पलीकडे तो जात नाही.

वसाहतकाळातील नोंदवह्यांत प्रत्येक गिरमिटियाचे नाव, वडिलांचे नाव, जिल्हा, ठाणे आणि गाव लिहिलेले असे. मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदी जपल्या आहेत आणि त्यांच्याच आधारे वंशज आपले मूळ गाव शोधत येतात. त्या नोंदी मजुराच्या प्रेमापोटी ठेवल्या नव्हत्या; मळेवाल्याचा खर्च आणि माणसे यांचा तो हिशेब होता. त्या राज्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण स्वतंत्र भारतात दहावी उत्तीर्ण तरुण परदेशी कोणत्या मालकाकडे, कोणत्या करारावर गेला याची एका ओळीची नोंद सरकारकडे नसावी, हे लाजिरवाणे नाही का?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. बंधने वाढवली की लोक आडमार्गाने जातात. तीस वर्षांखालील महिलांना घरकामासाठी या देशांत जाण्यास मज्जाव आहे. त्यामुळे अनेकजणी पर्यटक व्हिसावर जातात आणि अधिकच असहाय होतात. शिवाय पूर्वांचलातील कित्येक पक्की घरे, बहिणींची लग्ने आणि धाकट्यांची शिक्षणे या बाहेरच्या कमाईवर उभी आहेत. हे सारे खरे आहे. म्हणूनच उपाय जाणाऱ्याला अडवण्याचा असू नये. त्याला नेणाऱ्याला बांधण्याचा असावा. गोखल्यांनी केलेला भेद तोच होता : प्रवास मुक्त असावा, फसवणूक नसावी.

१९८३ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा आता चर्चेत आहे. २०१९ आणि २०२१ चे मसुदे पुढे सरकले नाहीत. २०२१ च्या मसुद्यात तर नियम मोडल्यास कामगारालाच दंड आणि पारपत्र रद्द होण्याची भीती दाखवली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने आणखी एक मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला. त्याचे मूल्यमापन माझ्या मते चार कसोट्यांवर व्हावे.

पहिली, नोंदणी शिक्षण आणि देश यांवर अवलंबून नसावी. नोकरीसाठी जाणाऱ्या प्रत्येकाचा करार नोंदला जावा. ती परवानगी नसावी, केवळ नोंद असावी, आणि ती मोफत असावी. दुसरी, मूळ करार कामगाराला कळणाऱ्या भाषेत, निघण्यापूर्वी पुरेसे दिवस आधी मिळावा. विमानतळावर मिळालेला करार हा करार नव्हे. तिसरी, गावातील उपदलालाच्या कृत्यांसाठी परवानाधारक एजंट आणि परदेशी मालक दोघे जबाबदार असावेत. तीस हजारांची मर्यादा लाखांच्या कर्जात बदलते, ती या अदृश्य साखळीमुळे. चौथी, तक्रार करण्याची जागा जिल्ह्यातच असावी. गाझीपूर, आझमगड, देवरिया येथून माणसे निघतात. संरक्षकांची कार्यालये मात्र मोजक्या मोठ्या शहरांत आहेत.

हे अशक्य नाही. जानेवारी २०२४ मध्ये इस्रायलसाठी बांधकाम कामगारांची भरती लखनौत सरकारी पातळीवर झाली. युद्ध चालू असलेल्या देशात कामगार पाठवावेत का, याबद्दल कामगार संघटनांनी घेतलेले आक्षेप मलाही पटतात. पण भरती दलालाविना उघडपणे होऊ शकते, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले. केरळने १९९६ मध्येच परदेशस्थ केरळीयांसाठी स्वतंत्र विभाग स्थापला. तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने १९९८ पासून स्थलांतराच्या नियमित पाहण्या केल्या. पूर्वांचलालाच नव्हे, तर कोकणालाही अशा पाहणीची गरज आहे.

बाबतपूरच्या त्या तरुणाने शेवटी फाइल बंद केली, माझा फोन क्रमांक त्याच प्लास्टिकवर पेनाने लिहून घेतला आणि तो रांगेत जाऊन उभा राहिला. परक्या देशात अडचण आली तर त्याच्याकडे दोन क्रमांक असणार होते : एक दलालाचा आणि दुसरा विमानतळावर योगायोगाने भेटलेल्या एका अनोळखी माणसाचा. शंभर वर्षांनी त्याचा पणतू एखाद्या देशाचा पंतप्रधान होऊन काशीला आला, तर आपण त्याचे जंगी स्वागत करू, यात मला शंका नाही. त्याच्या पणजोबाला निघताना या देशाने काय दिले होते, असे त्याने विचारले तर दाखवायला आपल्याकडे काय असेल?