सर्पगंधेची साक्ष

छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे आमच्या जुन्या औरंगाबादेंत, एका स्नेह्यांच्या घरीं मध्यंतरीं दोन दिवस राहण्याचा योग आला. घर सुशिक्षित, तीन पिढ्या एकत्र नांदणारें. सकाळच्या चहाबरोबर आजोबांची रक्तदाबाची गोळी त्यांच्यापुढें येई आणि "घेतलीत ना?" अशी चौकशी चौघांकडून होई. त्याच घरांत धाकट्या सूनबाईंनाही रोज एक गोळी घ्यावी लागे. पण ती कपाटांत, साड्यांच्या घड्यांखालीं! डॉक्टरांनीं त्यांना नैराश्याचा विकार, ज्याला आपण डिप्रेशन म्हणतों तो, झाल्याचें सांगितलें होतें; आणि बाहेर ही गोष्ट कोणास कळतां कामा नये, अशी वडीलधाऱ्यांची ताकीद होती. एवढ्यावरच थांबलें नाहीं. जरा बरें वाटूं लागतांच "आतां हीं मेंदूचीं औषधें पुरेत" असा आग्रह सुरू झाला, गोळ्या सुटल्या, आणि दोन महिन्यांत सूनबाईंनीं पुन्हा अंथरूण धरलें.

एका गोळीचा मान आणि दुसरीची लाज, हा भेद कां? या दोन औषधांचें जुनें नातें ठाऊक असतें तर तो कदाचित् झाला नसता.

सर्पगंधा ही वनस्पति आपल्या वैद्यांच्या फार पूर्वीपासून परिचयाची. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा प्रयोग करून १९४९ सालीं आपले निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें प्रसिद्ध केले, तेव्हां पाश्चात्त्य वैद्यकाचें लक्ष तिकडे वेधलें. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनीं तिच्या मुळांतून रिसर्पीन हें द्रव्य वेगळें काढलें व त्याच्या गोळ्या सर्वत्र सुरू झाल्या. थोड्याच काळांत वैद्यांच्या नजरेस एक विलक्षण गोष्ट आली. या गोळ्या घेणारे कांहीं रुग्ण विनाकारण खिन्न होत, कशांतच मन रमेनासें होई. गोळी बंद केल्यावर त्यांतील अनेकांचें मन पुन्हा ताळ्यावर येई. पुढें १९५५ च्या सुमारास अमेरिकेंतील संशोधकांस आढळलें कीं, रिसर्पीनमुळें मेंदूंतील सिरोटोनिन नांवाचें द्रव्य घटतें. उलट, क्षयावरील आयप्रोनायझिड या औषधानें त्याच दशकांत कांहीं रुग्ण अकस्मात् उल्हसित झालेले दिसले. या दोन अनुभवांतून नैराश्यावरील आधुनिक औषधांच्या शोधाला मोठी चालना मिळाली.

येथें एक खुलासा अवश्य केला पाहिजे. रिसर्पीनचा हा परिणाम वाटला होता तितका सरसकट नव्हता, असें पुढील तपासणींत दिसलें. आणि "सिरोटोनिन कमी झालें कीं नैराश्य आलें" हें सोपें समीकरणही आज टिकलेलें नाहीं. आनुवंशिकता, बाळपणींचे आघात, दीर्घकाळचा ताण, बाळंतपण, थायरॉइडसारखे शारीरिक विकार, अशा अनेक कारणांचा त्यांत हात असतो. परंतु मनाची उभारी मेंदूच्या व्यवहारावर अवलंबून असते, आणि मेंदू हाही हृदयासारखाच आजारी पडणारा अवयव आहे, ही सर्पगंधेची साक्ष खोटी ठरलेली नाहीं. रक्तदाबाची गोळी घेऊन खिन्न झालेला तो गृहस्थ एका रात्रींत आळशी किंवा नास्तिक झाला, असें कोण म्हणेल?

मग उपाय काय? दोन आठवड्यांहून अधिक काळ खिन्नता टिकली, आवडत्या गोष्टींतही गोडी वाटेना, झोप व भूक बिघडली, आपण निरुपयोगी आहों असें वाटूं लागलें, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावें. या शहरांत घाटी रुग्णालयांतही मानसोपचार विभाग आहे. विकार सौम्य असेल तर संवादात्मक उपचारही पुरतात. औषधांचा गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात. आणि बरें वाटल्यावरही तीं साधारणतः निदान सहा महिने चालू ठेवावीं लागतात. त्यांचें दारूसारखें व्यसन लागत नाहीं. मात्र डॉक्टरांस न विचारतां तीं एकदम सोडणें घातक.

घरच्यांचें कर्तव्य याहून सोपें, पण अधिक विसरलें जाणारें. "मन घट्ट कर", "तुला कमी काय आहे?" असे बोल रुग्णाच्या जखमेवर मीठ चोळतात. त्यापेक्षां शेजारीं बसावें, दवाखान्यांत सोबत जावें, घरकामाचा भार कांहीं दिवस वांटून घ्यावा. जीव नकोसा झाल्याची भाषा कानीं पडली तर ती थट्टेवारीं नेऊं नये. स्पष्ट विचारावें, एकटें सोडूं नये. २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. मानसिक आजारासही शारीरिक आजाराप्रमाणेंच विम्याचें संरक्षण असावें, असें २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें सांगितलें आहे. कायद्यानें जो भेद मोडला, तो घरांत कां राहावा?

निघण्यापूर्वीं ही हकीकत आजोबांना सांगितली. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग हळूच म्हणाले, "माझा रक्तदाब उतरला, आतां गोळी बंद करा, असें मला कोणी कधीं म्हणालें नाहीं हो." दुसऱ्या दिवशीं सूनबाईंना डॉक्टरांकडे नेण्यासाठीं ते स्वतः निघाले.