डायनासोर रंगवा, पण पुरावा विचारा

उन्हाळी शिबिरे, अंगणवाड्या आणि आता आपल्या बुद्धविहारांतील रविवारचे बालसंस्कार वर्ग, सगळीकडे डायनासोरची रंग भरायची चित्रे दिसू लागली आहेत. कोणीतरी कार्यकर्ता इंटरनेटवरून एक चित्र उतरवून घेतो, त्याची प्रिंट काढतो, कोपऱ्यावरच्या दुकानात पन्नास झेरॉक्स होतात आणि वंदना आटोपली की पोरे सतरंजीवर पालथी पडून रंगकांड्या चालवू लागतात. मोठ्यांना तासभर सभा घेता येते. मुले गप्प बसली, काम झाले! यापलीकडे त्या कागदाकडे कोणी पाहत नाही.

चळवळीतील काही ज्येष्ठांना तर हे थेरच वाटते. "आपल्या लेकरांना कशाला पाहिजेत ही विलायती जनावरे? त्यापेक्षा पंचशील पाठ करून घ्या," असे ते म्हणतात. त्यांचा हेतू चांगला आहे. पण या प्रश्नाचा विचार इतक्यावर संपत नाही. मुलाच्या हातात आपण कोणता कागद देतो आणि त्या कागदाबद्दल त्याला काय विचारू देतो, हा शिक्षणाचा प्रश्न आहे. आणि शिक्षणाचा प्रश्न आपल्या समाजासाठी कधीच किरकोळ नव्हता.

आधी हक्काची बाजू पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २९ मध्ये सांगितले आहे की, अभ्यासक्रम राज्यघटनेतील मूल्यांशी सुसंगत असावा, मुलाने कृतीतून आणि शोध घेत शिकावे आणि ते भीतीपासून मुक्त असावे. याच कायद्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक नेमणे आवश्यक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे कलम ३१ मुलाला खेळाचा, विश्रांतीचा आणि कलेत सहभागी होण्याचा हक्क देते. भारताने ती संहिता ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. म्हणजे रंगपेटी हा श्रीमंताच्या पोराचा लाड नाही. वस्तीतल्या, पालावरच्या, ऊसतोड मजुराच्या लेकराचाही तो हक्क आहे. कॉन्व्हेंटच्या मुलाला छत्तीस रंगांची पेटी आणि आपल्या मुलाला तुटक्या तीन रंगकांड्या, ही विषमता छोटी समजू नये.

परंतु हक्क मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. मिळालेला कागद कसा आहे, हेही तपासले पाहिजे.

यातली बरीचशी चित्रे निष्काळजीपणे काढलेली असतात. एकाच पानावर पाठीवर हाडांचे पंखे असलेला स्टेगोसॉरस आणि मोठ्या जबड्याचा टायरॅनोसॉरस एकमेकांवर धावून जाताना दाखवतात. प्रत्यक्षात स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, तर टायरॅनोसॉरस पावणेसात कोटी वर्षांच्या आतबाहेरचा. त्या दोघांमधले अंतर हे टायरॅनोसॉरस आणि आपण यांच्यातील अंतरापेक्षा जास्त आहे! काही पानांवर तर कातडे नेसलेला माणूस डायनासोरच्या पाठीवर बसलेला असतो. पक्षी सोडले तर बाकीचे सारे डायनासोर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी नष्ट झाले, आणि आपली मानवजात जेमतेम तीन लाख वर्षांची. ही गंमत म्हणून सोडून द्यावी काय? ज्या देशात कोणताही काळ कोणत्याही काळाला चिकटवून पुराणाला इतिहास म्हणून गळी उतरवले जाते, त्या देशात निदान आपल्या मुलांना तरी काळाचा हिशेब कळला पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी की, ही चित्रे बहुतेक अमेरिकेतल्या प्राण्यांची असतात. चंद्रपूर जिल्ह्यातले मूल टायरॅनोसॉरस रंगवते. पण त्याच्याच जिल्ह्यातील डोंगरगाव येथे एका लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या महाकाय डायनासोरची हाडे सापडली, हे त्याला कोणी सांगत नाही. १९९७ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि २००३ साली त्याला इसिसॉरस हे नाव मिळाले. त्यातला 'इसि' हा इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट या संस्थेच्या आद्याक्षरांवरून आला आहे. त्याच २००३ साली गुजरातमधील रायोलीच्या हाडांवरून राजासॉरस हे नाव जगापुढे आले. तो कपाळावर बुटके शिंग असलेला मांसाहारी. दक्षिणेकडे प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात सापडलेला बारापासॉरस तर याहून कितीतरी जुना. त्याचा सांगाडा कोलकात्यात उभा आहे. जबलपूरची हाडे १८२८ सालीच इंग्रज अधिकारी स्लीमन याच्या हाती लागली होती. मग आपल्या मुलांच्या कागदावर हे का नाहीत? आपल्या भूमीचा इतिहास आपल्यापासून दूर ठेवला जाणे ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. पण इथे तर कोणी अडवलेलेही नाही. आपणच हात पुढे केलेला नाही.

याच चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथे डायनासोरच्या काळातील विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच त्या परिसरातील जीवाश्म गोळा केले होते. तोवर शास्त्रज्ञांचा सर्वसाधारण समज असा होता की, गवत हे डायनासोर संपल्यानंतरच खऱ्या अर्थाने पृथ्वीवर पसरले. २००५ साली भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी पिसदुऱ्याच्या त्या गोळ्यांत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण शोधून काढले. डायनासोरच्या काळात गवत होते, हे सिद्ध झाले आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांतला समज बदलावा लागला.

आपल्या देशात शेणाला पवित्र मानून माणसाला अपवित्र मानण्याची परंपरा आहे. पिसदुऱ्याची विष्ठा कोणी पवित्र म्हणून पूजली नाही. ती पुरावा म्हणून तपासली गेली, आणि त्या पुराव्यापुढे मोठमोठ्या विद्वानांनी आपले मत बदलले. विज्ञानात ग्रंथ कितीही मोठा असो, पुरावा आला की तो दुरुस्त होतो. धर्मग्रंथ मात्र दुरुस्त होत नाही, उलट पुराव्यालाच खोटे ठरवतो. हा फरक आठ वर्षांच्या मुलाला व्याख्यान देऊन कळणार नाही. पण त्याच्यापुढील चित्रात डायनासोरच्या पायाखाली गवत काढलेले असेल आणि ताईने त्याला पिसदुऱ्याची गोष्ट सांगितली, तर तो जन्मभर विसरणार नाही.

हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद येथे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे जाहीर केले. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभे केले, त्याच शहरात हे घडले! देशातील तिन्ही विज्ञान अकादमींना निवेदन काढून त्याचा प्रतिवाद करावा लागला. जानेवारी २०१९ मध्ये जालंधरजवळ भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका भूशास्त्रज्ञाने डायनासोरचा शोध ब्रह्मदेवाने लावला असे सांगितले. ब्रह्मदेवाला मानणार नाही, ही तर आपल्या बावीस प्रतिज्ञांतील पहिलीच प्रतिज्ञा. आता ब्रह्मदेव डायनासोरच्या पाठीवर बसून पुन्हा आपल्या घरात शिरू पाहत आहे, हे ओळखले पाहिजे.

आणि २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणात फक्त आनुवंशिकता उरली. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. सरकारी बाजूने सांगण्यात आले की, अकरावी-बारावीत हा विषय आहेच. पण अकरावी-बारावीत जीवशास्त्र घेणारी मुले किती आणि कोणती? दहावीनंतर आयटीआयला, कामाला किंवा लग्नाच्या बोहल्यावर जाणारी मुले-मुली कोणाच्या घरची असतात? धडा कागदावर सर्वांसाठी वगळला गेला. प्रत्यक्षात तो आपल्या मुलांकडून काढून घेतला गेला. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा होता. पुढच्या प्रत्येक नव्या पुस्तकात तो टिकतो की नाही, यावर चळवळीने डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे.

काहीजण गोड आवाजात असेही सांगतात की, उत्क्रांती तर दशावतारात आधीच आहे. आधी मासा, मग कासव, मग वराह. हा युक्तिवाद आपल्या सुशिक्षित घरांतही ऐकू येतो. राष्ट्रपिता जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त या अवतारांची एकेक करून चिरफाड केली होती, हे विसरू नका. उत्क्रांतीत कोणी अवतार घेत नाही आणि कोणी कोणाला ठरवून उच्च वा नीच घडवत नाही. परिस्थिती बदलते, जीव बदलतात. सारे बदलते, काहीच नित्य नाही, हे तर तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले. जन्माने कायमचा ठरलेला उच्चनीचपणा निसर्गात कुठेच सापडत नाही, ही गोष्ट मनुवाद्यांना डार्विनमध्ये खरी खुपते.

आता रंगाविषयी. मूल विचारते, "डायनासोरचा रंग कोणता होता?" बहुतेक शिक्षक हिरवा किंवा करडा सांगून मोकळे होतात. खरे उत्तर असे की, बहुतेक डायनासोरांचा रंग कोणालाही माहीत नाही. मात्र २०१० साली चीनमधील सायनोसॉरॉप्टेरिक्स या पिसे असलेल्या छोट्या डायनासोरच्या जीवाश्मात रंगद्रव्याचे सूक्ष्म अवशेष सापडले आणि त्याच्या शेपटीवर तांबूस व फिकट पट्टे होते असा निष्कर्ष निघाला. म्हणजे जिथे पुरावा आहे तिथे पुराव्याप्रमाणे, आणि जिथे पुरावा नाही तिथे प्रत्येकाला आपला रंग निवडण्याची मोकळीक. मुलीने राजासॉरस निळा रंगवला तर तिला "चूक" म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. "निळाच का?" एवढे मात्र विचारावे आणि तिला उत्तर देऊ द्यावे. कोर्टात वकील हेच करतो. तोंडी दावा कितीही जोरात केला तरी चालत नाही, पुरावा लागतो. केसपुत्त नगरीतील कालामांना तथागतांनी दिलेला उपदेशही हाच होता की, परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरूने सांगितले आहे, म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. राज्यघटनेच्या कलम ५१ क (ज) ने १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनंतर विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले. ते कर्तव्य अठराव्या वर्षी एकाएकी अंगी येत नाही.

बालवर्गात आणखी एक वाईट सवय लागते. "रेषेबाहेर रंग गेला!" म्हणून मुलाला ओरडले जाते. दुसऱ्याने आखून दिलेल्या रेषेच्या आत राहण्याची शिकवण या समाजव्यवस्थेने आपल्याला शतकानुशतके दिली. लहान मुलाचा हात स्थिर व्हावा म्हणून रेषा उपयोगी आहे. पण काही दिवसांनी कोरा कागद द्यावा आणि डायनासोर त्यालाच काढू द्यावा.

ज्येष्ठांच्या आक्षेपाला माझे उत्तर एवढेच. पंचशील अवश्य शिकवा, बाबासाहेबांचे, माता रमाईंचे, सावित्रीमाईंचे चित्रही अवश्य रंगवून घ्या. पण बाबासाहेबांचे चित्र रंगवणारे मूल जर पुढे जाऊन पुराव्याशिवाय काहीही मान्य करणारे निघाले, तर ते चित्र फक्त भिंतीवर राहील.

म्हणून काही साध्या सूचना. प्रत्येक जिल्ह्यात आपल्यात चित्रकला शिक्षक आहेत, कलामहाविद्यालयांत शिकणारी मुले-मुली आहेत. त्यांनी इसिसॉरस, राजासॉरस, बारापासॉरस यांची साधी रेखाचित्रे काढावीत. मोफत उतरवून घेता येणारे चित्र छापून विकण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, हे कायद्याचे भान ठेवावे. त्यापेक्षा आपलेच चित्र बरे. पानाच्या खाली मराठीत तीन प्रश्न छापावेत: हा कुठे सापडला? किती वर्षांपूर्वीचा? हे आपल्याला कशावरून कळले? एका पानाची झेरॉक्स एक-दोन रुपयांत होते. जयंतीच्या वर्गणीतून वस्तीतील मुलांपुरत्या रंगकांड्या सहज येतील.

आणि शिबिराची सहल अजिंठा, वेरूळ, कार्ले किंवा भाजे लेण्यांना नेलीत, तर मुलांना तो काळा पाषाण हात लावून दाखवा. दख्खनच्या पठारावर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात, डायनासोर संपले त्या सुमारास, जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला. थंड होऊन त्याचेच हे थर बनले. त्याच दगडात आपल्या भिक्खूंनी विहार आणि चैत्य कोरले. चित्रातल्या डायनासोरमागे धूर सोडणारा ज्वालामुखी काढलेला असतोच. त्याचा दगड तुमच्या मुलाच्या तळहाताखाली आहे, हे त्याला कळू द्या. तिथे तो जो प्रश्न विचारेल, त्याला गप्प बसवू नका. उत्तर येत नसेल तर त्याच्यासोबत शोधायला बसा.

जय भीम!