नमुना बारा आणि घरचें ताट

एखाद्या गांवाचें आरोग्य कसें आहे हें पाहावयाचें झाल्यास लोक दवाखान्यांत चौकशी करितात. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेल्यामुळें आम्हांस त्यासाठीं दुसरेंच दप्तर उघडावेंसें वाटतें. सातबाराच्या उताऱ्याचा खालचा भाग म्हणजे गांव नमुना १२. कोणत्या गटांत कोणतें पीक किती क्षेत्रावर आहे याची नोंद त्यांत असते. ही नोंद जमिनीची खरी, पण ती वर्षानुवर्षें वाचणाऱ्यास त्या घरच्या चुलीवर काय शिजत असेल हेंही उमगूं लागतें.

१९९० च्या सुमारास सोलापूर जिल्ह्यांत आम्हीं कारकुनीस आरंभ केला, तेव्हां पांच-सात एकरांच्या खातेदाराचीं पिकें लिहितांना रकाने पुरत नसत. रब्बीची ज्वारी, तींत करडईच्या ओळी, खरिपांत बाजरी व तूर यांचें मिश्र पीक, थोडा हरभरा, थोडी मटकी, कोठें हुलगा, कोठें जवस. सेवानिवृत्तीच्या वर्षीं त्याच गांवांचे उतारे पुन्हां पाहण्याचा योग आला, तों पुष्कळ खात्यांवर एकच शब्द दिसला : ऊस, नाहींतर सोयाबीन. २०२१ सालापासून ई-पीक पाहणी सुरू झाली आहे व शेतकरी स्वतःच्या हातानें पीक नोंदवूं शकतो. परंतु नोंदावयास पीकच एक उरलें, तेथें सोय वाढून काय उपयोग?

आम्ही नगदी पिकांचे वैरी नव्हों. उजनीच्या पाण्यानें अनेकांचीं कर्जें फिटलीं, मुलांचीं शिक्षणें झालीं, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, बाजारासाठीं पिकवितां पिकवितां घरासाठीं पिकविण्याचें आपण सोडून दिलें आणि त्याचा हिशेब आतां शरीराच्या खात्यावर निघूं लागला आहे.

ज्याच्या कणगींत ज्वारी नाहीं त्याच्या ताटांत दुकानांत जें सहज मिळतें तेंच येतें : पांढरा तांदूळ, पिशवीचें तेल, मुलांच्या हातांत मैद्याचीं बिस्किटें, आल्या-गेल्यास फरसाण, आणि दिवसांतून पांच-सहा वेळां साखरेचा चहा. दुसरीकडे श्रम कमी झाले. नांगरट ट्रॅक्टरनें होते, मोटार घरीं बसून मोबाइलवर चालू करतां येते, आणि अर्ध्या कोसावरील शेताला जाण्यासाठीं मोटारसायकल दारांत उभी असते. श्रम घटले, त्यांत वाईट काहीं नाहीं. पण श्रमाच्या काळची भूक आणि सवयीचें वाढप मात्र तसेंच राहिलें.

‘राबणाऱ्याला मधुमेह होत नाहीं’ असा एक समज आपल्यांत आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्यानें देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें देशांत मधुमेही सुमारें १० कोटी १० लाख, आणि त्या रोगाच्या उंबरठ्यावर असलेले सुमारें १३ कोटी ६० लाख आहेत. इतकी मोठी संख्या केवळ शहरांची असूं शकत नाहीं.

आम्हां स्वतःस हा रोग गांवच्या तपासणी शिबिरांत कळला. तोंवर कसलाच त्रास नव्हता. आमच्या शेजारचे एक खातेदार मात्र शिबिरास आले नाहींत. ‘मला काय झालें आहे?’ असें म्हणून ते पाण्याच्या पाळीवर निघून गेले. पुढें अनवाणी पायांत काटा मोडला, तो त्यांना कळलाच नाहीं. साखरेनें पायांची जाणीव बोथट होते, जखम चिघळते, आणि दुखत नाहीं म्हणून ती कोणी पाहत नाहीं. शेवटीं अंगठा काढावा लागला. चिखलांत व ढेकळांत उभ्या जन्माचें काम करणाऱ्या माणसास अंगठा जाणें म्हणजे काय, हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

यावर उपाय म्हणून आम्ही कोणतेंही चूर्ण सुचवीत नाहीं. आम्ही एक हिशेब मांडतों. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं आहाराविषयीं ज्या सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत सामान्य प्रौढ माणसाच्या दोन हजार कॅलरींच्या ताटांत दररोज धान्य २५० ग्रॅम, डाळी व तत्सम पदार्थ ८५ ग्रॅम आणि भाजीपाला ४०० ग्रॅम धरला आहे. पांच माणसांच्या घरास या मानानें वर्षाला धान्य सुमारें साडेचार क्विंटल व डाळी सुमारें दीड क्विंटल लागतात. मध्यम जमिनींत कोरडवाहू ज्वारी एकरीं चार क्विंटल धरली तरी सव्वा एकरांत वर्षाचें धान्य येतें. अर्ध्या-पाऊण एकरांत तूर व हरभरा, दोन गुंठ्यांत मेथी, शेपू, चुका, गवार आणि शेवग्याचीं दोन झाडें. म्हणजे सात एकरांच्या खातेदारानें दोन एकर घरासाठीं राखले कीं पांच एकर बाजारास मोकळे राहतात. भाजीपाल्याचा ४०० ग्रॅमांचा वांटा दोन गुंठ्यांत सबंध भागणार नाहीं. पण रोज पालेभाजी ताटांत येईल हें निश्चित.

धान्याच्या गुणांविषयींही खरें तेंच सांगावें. १०० ग्रॅम ज्वारींत व बाजरींत तंतुमय भाग १० ते ११ ग्रॅम असतो, पांढऱ्या तांदळांत तीन ग्रॅमही नसतो. लोह बाजरींत सहा मिलिग्रॅमहून अधिक, तर पांढऱ्या तांदळांत एक मिलिग्रॅमहून कमी. कोंड्यासह दळलेला गहूं यांत फारसा मागें नाहीं. दोष मैद्याचा आहे. तसेंच भाकरी म्हणजे औषध नव्हे. चार भाकरी खाऊन वर निजणाऱ्याची साखर ज्वारीनेंही वाढेल, आणि चालू गोळ्या भाकरीच्या भरंवशावर कोणीं बंद करूं नयेत. भाकरी एक कमी, डाळ-उसळ एक वाटी अधिक, हा आमच्या ताटांतील फेरबदल आहे.

यावर आक्षेप येतील. ज्वारीस भाव नाहीं, राखणीस माणूस नाहीं, काढणीस मजूर नाहीं. हीं अडचणी खऱ्या आहेत. परंतु जें विकावयाचेंच नाहीं त्याचा भाव कशास पाहावा? कडब्याची किंमत तर बहुतेक जण हिशेबांत धरीतच नाहींत. दुसरें असें कीं, भाकरी थापण्याचे कष्ट घरच्या बायका करितात. ‘ज्वारी खा’ असें सांगणाऱ्या पुरुषांनीं निवडण्या-दळण्याचें काम तरी आपल्याकडे घ्यावें. आम्हीं तें घेतलें आहे आणि त्यानें आमची अब्रू गेलेली नाहीं.

२०२३ हें साल संयुक्त राष्ट्रांनीं भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, तें भारताच्या सूचनेवरून. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. शहरांतील लोक आज तिचें पीठ पिशव्यांतून विकत नेतात, आणि ज्याच्या बांधाशीं ती पिकावयाची त्याचीं मुलें मैदा खातात. या उलट्या व्यवहारास शहाणपण म्हणावें काय?

आमची विनंति लहान आहे. तिशी उलटलेल्या प्रत्येकानें आरोग्य केंद्रांत वर्षांतून एकदां साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. ही तपासणी तेथें मोफत होते. शेत अर्ध्या कोसाच्या आंत असल्यास मोटारसायकल घरीं ठेवून पायीं जावें, आणि पायांत जोडा असावा. रब्बी ज्वारीच्या पेरणीचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो. तो येण्यापूर्वीं एके संध्याकाळीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसून आपल्या घरास वर्षाला काय लागतें याची यादी करावी व तेवढें रान वेगळें काढावें. पुढील वर्षीं नमुना १२ च्या उताऱ्यांत दोन-चार नोंदी वाढलेल्या दिसल्या, तर त्या घरचें ताट भरलें असें आम्ही समजूं.