गाभण आहे, पण कोकरू वाढतंय का?

मेंढीला प्रोब लावायचा, ‘गाभण आहे’ म्हणायचे आणि पुढची मेंढी धरायची, इथवर आपली सोनोग्राफी येऊन थांबली आहे. पाठीचा मणका हाताला टोचतो अशा खंगलेल्या मेंढीला एवढे निदान पुरत नाही. तिच्या पोटातले कोकरू वाढते आहे का, हे सांगणे आपले काम आहे.

हातकणंगले, शिरोळकडे उसाने चराऊ रान आटवले. वाड्यावरच्या दख्खनी मेंढ्या बांधावर आणि रस्त्याकडेच्या गवतावर दिवस काढतात. गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा आणि कोकराचे जवळजवळ ७० टक्के वजन शेवटच्या सहा आठवड्यांत भरते, म्हणून आपण पेंड-भरडा तेव्हाच सुचवतो. पण वारेची वाढ त्याआधीच, साधारण ७५ ते ९० दिवसांत, पुरी होत आलेली असते. त्या काळात मेंढी उपाशी राहिली, तर उशिरा घातलेला खुराक कोकरापर्यंत पुरेसा पोचेलच असे नाही.

मापातही एक चकवा आहे. अन्न कमी पडले की गर्भ रक्त मेंदूकडे वळवतो. डोक्याची रुंदी वयाला साजेशी दिसते, छाती-पोट मात्र बारीक राहते. नुसते डोके मोजून ‘ठीक आहे’ म्हणणारा डॉक्टर इथे फसतो. पहिली तपासणी ४० ते ६० दिवसांत करावी, तेव्हाच वय आणि जुळे नोंदवावे. पुढे ९०व्या दिवसाच्या आसपास आणि पुन्हा तीन आठवड्यांनी छाती-पोटाचे माप घ्यावे. दोन मापांतला फरकच वाढ सांगतो. मेंढी उभी धरून कासेपुढच्या लोकर नसलेल्या कातडीवर भरपूर जेल लावले, की वाटीसारख्या वारेच्या गाठी, बरगड्यांची ओळ आणि हृदयाची धडधड ओळखू येते.

जुळ्यांकडे विशेष लक्ष हवे. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीतले जुळ्यांचे जनुक दख्खनीत आणले. त्या रक्ताच्या मेंढीला अर्धपोटी ठेवले, तर शेवटच्या महिन्यात किटोसिसचा धोका मोठा. ती मान टाकून बसल्यावर गुळाचे पाणी पाजण्यापेक्षा ५०व्या दिवशी जुळे ओळखून तिला कळपातून वेगळा भरडा देणे स्वस्त पडते.

मशीन घेणाऱ्यांना एक सूचना. सोनोग्राफी यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’, म्हणजे तपासण्यांवर नजर ठेवणारे उपकरण, बसवलेला आपला कोल्हापूर जिल्हा आहे, आणि गर्भलिंगनिदानाच्या कायद्याबाबत इथे कडक असलेच पाहिजे. जनावरांसाठीचे यंत्रही जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याची लेखी मान्यता असल्याशिवाय घेऊ नये.

परदेशी जातींच्या गर्भवाढीच्या तक्त्यांवर आपले लहानखुरे दख्खनी कोकरू जोखता येत नाही. तेव्हा प्रत्येक मेंढीची फळवल्याची तारीख, तिची अंगस्थिती, गर्भाची मापे आणि कोकराचे जन्मवजन वहीत टिपून ठेवा, आणि त्या नोंदी शाहूपुरीच्या आमच्या पत्त्यावर पाठवा. आम्ही त्या एकत्र करून पुढच्या अंकांतून छापू.